पुस्तके मोजू नका, वाचनाचा हिशेब ठेवा

१/
वर्षअखेर जवळ आली, की आपल्या या इतिहासप्रेमी वर्तुळात एक ठरलेला सोहळा सुरू होतो. पुस्तकांच्या उतरंडीचे छायाचित्र आणि त्याखाली एक आकडा. 'यंदा ५२.' 'यंदा ८०.' 'यंदा शंभरी पार.' खाली अभिनंदनाचा वर्षाव, आणि त्या वर्षावात कुठेतरी एखाद्या अकरावीतल्या मुलाचा ओशाळलेला प्रतिसाद : 'माझी चारच झाली.' हा थ्रेड त्या मुलाच्या बाजूने आणि उरलेल्या आपणा सर्वांच्या विरुद्ध लिहिला आहे. दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
दुसऱ्यांवर बोट ठेवण्यापूर्वी स्वतःचा गुन्हा सांगते. दोन वर्षांपूर्वी त्या छायाचित्रांत माझेही एक होते. उद्दिष्ट ७५ पुस्तकांचे होते, आकडा ७८ झाला. एम. ए.चे पहिले वर्ष होते, अंगात रग होती, आणि ॲपमधली ती हिरवी पट्टी पूर्ण भरलेली पाहताना जे समाधान झाले, ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. खोटे निघाले ते दुसरेच काही.

३/
त्याच सुमारास मी येथे शिवचरित्राच्या साधनांवर एक थ्रेड लिहिला होता. तुमच्यापैकी अनेकांनी तो पुढे पाठवला होता. त्यात एका प्रसंगातला संवाद मी सभासदाच्या बखरीच्या नावावर दिला. पाच-सहा दिवसांनी एका वाचकाने अतिशय सभ्य शब्दांत विचारले : 'सभासदात हे कोणत्या पानावर आहे?'

४/
मी उत्तर देऊ शकले नाही. सभासद उघडला, आरंभापासून अखेरपर्यंत चाळला, संवाद नव्हता. मग ७८ पुस्तकांच्या यादीतली एकेक काढून शोधू लागले. यादीत पुस्तकाचे नाव होते, संपवल्याची तारीख होती, पाचपैकी चार तारे होते. काय वाचले याचा मात्र मागमूस नव्हता. तीन रात्री गेल्या. अखेर तो संवाद एका अलीकडच्या लोकप्रिय चरित्रात सापडला आणि त्या लेखकाने आधार म्हणून दिली होती चिटणीसांची बखर.

५/
यातला अनर्थ नव्या वाचकांसाठी उलगडून सांगते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, ती १६९४ च्या सुमारास. महाराजांच्या काळात वावरलेल्या माणसाचे ते लेखन आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. दोहोंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर. मी त्या शंभर वर्षांचा एका वाक्यात फडशा पाडला होता, आणि तो थ्रेड तोवर कितीतरी गटांत फिरून आला होता. एका गटात तर माझे नाव गळून केवळ 'सभासद सांगतो' एवढेच उरले होते.

६/
आता मला सांगा, त्या वर्षी मी ७८ पुस्तके 'वाचली' याला काय अर्थ उरला? ज्या वाचनातून एका विधानाचा आधार सांगता येत नाही, ते वाचन इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या कामाचे नाही. कादंबरीच्या वाचकाला ही अट नाही, हे मान्य. कादंबरी मनात विरघळली तरी चालते, किंबहुना विरघळावीच. इतिहासाचे पुस्तक मनात विरघळले, की त्याची दंतकथा होते.

७/
मोजदादीची ही सवय आली कुठून? पुस्तकांच्या याद्या माणसे पूर्वीपासून करीत आली आहेत. नवे आहे ते वार्षिक उद्दिष्ट आणि त्याचे जाहीर प्रदर्शन. गुडरीड्स २००७ साली सुरू झाले, २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतले. पुस्तके विकणाऱ्याला आपण वर्षाला किती पुस्तके संपवतो याचे कुतूहल का असावे, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या शेजारी बसून कोणी 'आणखी एक, आणखी एक' म्हणत असेल, तर तो मित्र आहे की दुकानदार, एवढे एकदा पाहून घ्यावे.

८/
पण सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणेही सोयीचेच. आकडा आपल्यालाच हवा असतो. आणि एकदा आकडा हवा झाला, की पुस्तकांची निवडही तोच करू लागतो. सप्टेंबरमध्ये आपण 'मागे' पडलो आहोत असे ॲप सांगते, आणि हात आपोआप १२० पानी पुस्तकाकडे जातो. ६०० पानी ग्रंथ 'पुढच्या वर्षी'.

९/
सरदेसायांची मराठी रियासत ही एक नोंद की खंडांगणिक वेगळी? राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका खंडातली तीन पत्रे वाचून, त्यांची मिती लावून, त्यांतल्या माणसांची ओळख पटवण्यात तुमचा आठवडा गेला, तर तुमच्या ॲपच्या लेखी त्या आठवड्यात तुम्ही काहीच केलेले नाही. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग आहेत. ते कोणी 'संपवत' नाही. त्यांत शिरायचे असते, हवे ते घेऊन बाहेर पडायचे असते आणि पुन्हा शिरायचे असते. इतिहासाच्या वाचनाचा हा जो खरा व्यवहार आहे, त्याला त्या हिरव्या पट्टीत जागाच नाही.

१०/
आता एका वाचकाची गोष्ट सांगते. या थ्रेडचा खरा नायक तोच आहे.

११/
साताऱ्यात १८१८ ते १८२२ या काळात कंपनीचा अधिकारी म्हणून राहिलेला जेम्स ग्रँट डफ. त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला, तो १८२६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते 'मराठ्यांची बखर' या नावाने रूढ झाले. पुढच्या दोन पिढ्यांनी आपला इतिहास साहेबाच्या या पुस्तकातून शिकला. साताऱ्याचे दफ्तर, घराण्यांचे कागद, बखरी असे पुष्कळ साहित्य ग्रँट डफने पाहिले होते, त्यामुळे त्याच्या पुस्तकाला आव्हान देणे सोपे नव्हते.

१२/
हजारोंनी ते पुस्तक वाचले असणार. त्यांच्या काळी ॲप असते, तर हजारोंच्या यादीत ते 'वाचून पूर्ण' असे नोंदले गेले असते आणि बहुतेकांनी पाचपैकी पाच तारे दिले असते.

१३/
१८६७-६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला एक विद्यार्थी तेच पुस्तक वाचत होता. नीलकंठ जनार्दन कीर्तने. जन्म १८४४ चा, म्हणजे वय जेमतेम तेवीस-चोवीस. या थ्रेडच्या लेखिकेहून थोडे लहानच. त्याने ग्रँट डफच्या बखरीवर टीका लिहिली, पुण्यातल्या तरुणांच्या सभेत ती वाचून दाखवली आणि नंतर ती 'विविधज्ञानविस्तार'मध्ये छापून आली.

१४/
त्या टीकेचे मोल कशात आहे? 'साहेब आमची निंदा करतो' असा गळा काढणे सोपे होते. आजही आपल्याकडे निम्मा इतिहास त्याच सुरात लिहिला जातो. कीर्तन्यांनी ग्रँट डफच्या साधनांकडे बोट दाखवले. कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, पाहिलेल्यांचा अर्थ कसा लावला. पुस्तकाच्या लेखकाला त्याच्याच आधारांच्या उजेडात उभे करण्याचे ते काम होते, आणि पुस्तक एका हातात व टिपणवही दुसऱ्या हातात असल्यावाचून ते होत नाही.

१५/
पुढचा क्रम पाहा. कीर्तने ज्या पिढीचे, त्याच पिढीतल्या काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू केला आणि बखरी व जुने कागद छापून लोकांपुढे येऊ लागले. १८९८ मध्ये राजवाड्यांचा पहिला खंड आला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या साऱ्याचे श्रेय एका निबंधाला देणे हा अतिरेक होईल आणि तो मी करणार नाही. पण मराठ्यांचा इतिहास मूळ कागदांवरून लिहिला पाहिजे, ही मागणी ज्यांनी प्रथम ठामपणे मांडली त्यांत हा विद्यार्थी होता. त्याने त्या वर्षी एकूण किती पुस्तके संपवली, हे कोणालाही ठाऊक नाही. विचारण्याचे कारणही नाही.

१६/
येथे कोणीतरी ग्लॅडस्टनचे नाव काढेल, म्हणून मीच काढते. चार वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झालेला हा गृहस्थ १८२५ पासून १८९६ पर्यंत रोजनिशी लिहीत होता आणि तीत वाचलेल्या मजकुराची नोंद करीत होता. अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा ती सुमारे २०,००० शीर्षकांवर गेली. मोजणाऱ्यांचा हा आराध्यदैवत शोभावा! एकच अडचण आहे : तो मोजण्यासाठी लिहीत नव्हता. त्या नोंदी रोजच्या रोज दिवसाचा हिशेब म्हणून होत्या, देवापुढे द्यावयाच्या हिशेबासारख्या.

१७/
आणि त्याची पुस्तके उघडली, की समासात खुणांची एक स्वतंत्र लिपी आढळते. मान्य असलेल्या मजकुराला एक खूण, महत्त्वाच्याला दुसरी. शंका आली की तो इटालियन भाषेतला 'मा' हा शब्द लिही. त्याचा अर्थ 'पण'. मला ही गोष्ट कळली त्या दिवसापासून माझ्या टिपणांत समासात 'पण' लिहिण्याची सवय लागली आहे. पानभर पिवळा रंग फासण्यापेक्षा हे एक अक्षरद्वय अधिक काम करते, कारण रंग फासणारा माणूस केवळ 'आवडले' एवढेच म्हणू शकतो. (ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र 'पण'ही लिहू नये. ज्यांनी लिहिले आहे त्यांच्याशी मी बोलत नाही.)

१८/
डार्विनची गोष्ट याहून बोलकी. १८३८ ते १८६० या काळात त्याने वाचनाच्या वह्या ठेवल्या : वाचायची पुस्तके एकीकडे, वाचून झालेली दुसरीकडे. शिवाय विचारांच्या टिपणवह्या वेगळ्या. उतारवयात, १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध आपण १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये सहज, करमणुकीखातर वाचायला घेतला. टिपणवहीत माल्थसचा मजकूर येतो तो २८ सप्टेंबरच्या नोंदीत. फरक काही दिवसांचा, म्हणजे किरकोळ. पण तो फरक आज सांगता येतो, कारण वही आहे. नैसर्गिक निवडीची कल्पना कोणत्या पुस्तकाच्या वाचनातून, कोणत्या आठवड्यात आकाराला येऊ लागली, याचा माग त्या नोंदींमुळे लागतो. नुसते 'माल्थस – पूर्ण' असे लिहून ठेवले असते, तर त्यावरून काय हाती लागले असते?

१९/
आता सर्वात तिखट आक्षेप. 'ताई, हे सगळे श्रीमंत आणि निवांत लोकांचे चोचले आहेत. आम्हाला नोकरी आहे, स्पर्धापरीक्षा आहे, गावात धड ग्रंथालय नाही.' हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे आणि नेमका म्हणूनच तो माझ्या बाजूचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

२०/
कारण उतरंडीचे छायाचित्र काढण्यासाठी पुस्तके विकत घ्यावी लागतात. टिपण काढण्यासाठी पुस्तक चार दिवस हाती आले तरी पुरते. मी तालुक्याच्या गावात वाढले. सार्वजनिक वाचनालयात एका कार्डावर एक पुस्तक, पंधरा दिवसांच्या मुदतीने मिळे. मुदत संपली की दंड, आणि दंडाहून भयंकर म्हणजे ग्रंथपालकाकांचा चष्म्यावरून येणारा कटाक्ष. पुस्तक परत जाणार हे ठाऊक असल्यामुळे मी शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर मजकूर उतरवून घेत असे. त्या वह्या आजही माझ्याकडे आहेत. गंमत अशी, की सातवीत वाचलेल्या पुस्तकांचे पृष्ठक्रमांक मी सांगू शकते आणि एम. ए.च्या पहिल्या वर्षी विकत घेतलेल्या पुस्तकांचे सांगू शकत नाही. पुस्तक आपलेच आहे, जाते कुठे, या निर्धास्तपणाने माझे वाचन बिघडवले.

२१/
पुस्तक परत जाणार असेल तर माणूस कसा वाचतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे नेहरू. ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या काळात, मुख्यतः निरनिराळ्या तुरुंगांतून, त्यांनी मुलीला पत्रे लिहिली आणि १९३४ मध्ये ती 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' म्हणून प्रसिद्ध झाली. जगाचा इतिहास, आणि हाताशी ग्रंथालय नाही! तुरुंगात पुस्तके येत आणि जात. साठवता येत नसत. मग हे साधले कसे? प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात : त्याच्या दहा-बारा वर्षे आधीपासून तुरुंगातल्या वाचनाची टिपणे काढून ठेवण्याची सवय त्यांना लागली होती, आणि लिहिताना त्या वह्याच मदतीला आल्या.

२२/
त्या ग्रंथातल्या निष्कर्षांशी तुम्ही सहमत असा वा नसा. माझे स्वतःचे त्याच्याशी पुष्कळ मतभेद आहेत. पण बंदिवानाला जे जमते ते फायबरचे इंटरनेट असलेल्या आपल्याला का जमू नये, याचे उत्तर 'वेळ नाही' हे नक्कीच नव्हे.

२३/
आता प्रामाणिकपणे उलट बाजूही मांडली पाहिजे, कारण टिपणांचेही व्यसन लागते. लॉर्ड ॲक्टन हा केंब्रिजचा इतिहासाचा प्राध्यापक. त्याचा ग्रंथसंग्रह साठ हजारांच्या आसपास. त्याने आयुष्यभर चिठ्ठ्या, उतारे, टाचणे जमवली. स्वातंत्र्याचा इतिहास लिहायचा होता. १९०२ मध्ये तो वारला. तो इतिहास लिहिला गेलाच नाही. टिपणांच्या पेट्या केंब्रिजच्या ग्रंथालयात राहिल्या. अनातोल फ्रान्सने तर एका कादंबरीच्या प्रस्तावनेत असा विद्वान रंगवला आहे, की जो आपल्याच चिठ्ठ्यांच्या लोंढ्यात बुडून मरतो. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने ते पान वाचून थोडे घाबरून घ्यावे.

२४/
निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठ्यांच्या पेट्यांचे हल्ली फार कौतुक होते. सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या, हे खरे. पण त्याचे अनुकरण करणारे आपले मित्र काय करतात? तीन आठवडे कोणते ॲप घ्यावे यावर चर्चा, दोन आठवडे रंगांची योजना, आणि मग परीक्षा येते. लूमानने चिठ्ठ्यांतून ग्रंथांची रांग उभी केली, हे सांगायचे राहूनच जाते. नवी वही आणली म्हणजे अभ्यास झाला, असे पहिलीतल्या मुलाला वाटते. आपण ते वय ओलांडले आहे असे मी गृहीत धरते.

२५/
तरीही, ॲक्टनच्या शेजारी मला आपले त्र्यंबक शंकर शेजवलकर ठेवावेसे वाटतात. 'पानिपत : १७६१' लिहिणारे शेजवलकर शिवचरित्राची तयारी वर्षानुवर्षे करीत होते. चरित्र पुरे झाले नाही. १९६३ मध्ये ते गेले. पण १९६४ मध्ये 'श्रीशिवछत्रपती' हा ग्रंथ आला, आणि त्यात काय आहे? संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. घर उभे राहिले नाही, पण नकाशा, जोत्याच्या रेषा आणि आणून टाकलेला दगड नीट लावून ठेवलेला. पुढचा अभ्यासक तेथून काम सुरू करू शकतो.

२६/
शेजवलकरांचे वाचन त्यांच्याबरोबर संपले नाही, ते यामुळे. ज्यांचे सगळे वाचन केवळ डोक्यात होते अशा किती व्यासंगी माणसांचे वाचन आपल्या गावोगावी त्यांच्याबरोबर जळून गेले असेल? माझ्या परिचयातल्या एका वृद्ध शिक्षकांनी परिसरातल्या घराण्यांचे कागद पन्नास वर्षे वाचले होते. विचारावे ते सांगत. लिहून काही ठेवले नाही. ते गेल्यावर घरच्यांनी पुस्तके ग्रंथालयाला दिली. पुस्तके आहेत, एकाही पानावर एकही खूण नाही. त्या कागदांपैकी निम्मे कोणाच्या घरी होते, हे आता सांगणारे कोणी नाही.

२७/
अनेकजण संदेश पाठवून विचारतात म्हणून माझी पद्धत सांगते. ती आदर्श नाही. चूक पकडली गेल्यावर सुचलेली आहे. दोनशे पानी साधी वही. पुस्तक हाती घेतले, की प्रथम नाव, लेखक, आवृत्ती व तिचे वर्ष आणि प्रत कोणाची. आवृत्ती लिहाच. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांत पाने बदलतात आणि कधीकधी लेखकाचे मतही बदललेले असते.

२८/
मग पुस्तक बंद. या विषयात मला आधीपासून काय ठाऊक आहे, ते अर्ध्या पानात लिहिते. ही युक्ती गिबनची. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा तो इतिहासकार आत्मवृत्तात सांगतो, की नव्या पुस्तकाची मांडणी नजरेखालून घातल्यावर तो ते मिटून ठेवी, एकटाच फिरायला जाई आणि त्या विषयात आपल्याला काय ठाऊक आहे व काय वाटते याची उजळणी करी. मगच वाचायला बसे. म्हणजे लेखकाने आपल्या पदरात नेमकी कोणती भर घातली, हे कळते. मी फिरायला जात नाही, वसतिगृहाच्या गच्चीवर जाते. पहिल्या वेळी हे करून पाहिले, तेव्हा अर्धे पानही भरले नाही, आणि ज्या विषयावर मी येथे रोज वाद घालत होते त्या विषयातले माझे भांडवल किती, ते स्वच्छ दिसले. तुम्हीही करून पाहा; फार नम्र करणारा अनुभव आहे.

२९/
वाचताना मोठे उतारे उतरवून घेत नाही. पृष्ठक्रमांक, माझ्या शब्दांत एक ओळ, आणि त्या विधानाचा लेखकाने दिलेला आधार. लेखकाने आधार दिला नसेल तर तेही लिहिते : 'आधार नाही.' हे दोन शब्द वहीत वारंवार येऊ लागले, की पुस्तकाची योग्यता वेगळी सांगावी लागत नाही. पटले नाही तेथे 'पण'. तळटिपांतून नवी नावे सापडली, की ती वहीच्या मागच्या पानांवर. माझ्या पुढच्या वाचनाची यादी तेथून येते, कोणाच्या 'अवश्य वाचावीत अशी १० पुस्तके' मधून येत नाही.

३०/
पुस्तक संपले की ते न उघडता दहा ओळी : लेखकाचे म्हणणे काय, कशावरून, आणि मला कोणता पुरावा दाखवला तर मी हे म्हणणे सोडून देईन. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जमले नाही, तर मी पुस्तक वाचले असे समजत नाही, मग पाने सगळी उलटलेली असोत. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचीही नोंद ठेवते, कारणासह. 'कंटाळा आला' हेही कारण चालते. खोटे लिहायचे नाही, एवढेच पथ्य.

३१/
या पद्धतीने गेल्या वर्षी माझी पुस्तके झाली १९. त्यांतली दोन अर्धवट. आकडा सांगण्याचा मोह झाला खरा. सवय लवकर जात नाही.

३२/
'पंधरा मिनिटांत एका पुस्तकाचे सार' देणाऱ्या ॲपविषयी एकच गोष्ट. सार काढताना पहिली गळते ती तळटीप. कीर्तन्यांना कोणी ग्रँट डफचे पंधरा मिनिटांचे सार ऐकवले असते, तर त्यांना त्यात मराठ्यांचा उदय आणि अस्त मिळाला असता. शंका घ्यायला जागा मिळाली नसती. कारण शंकेची जागा सारात नसते, 'याची प्रत मी अमुक ठिकाणी ठेवली आहे' अशा एखाद्या टिपेत असते. ग्रँट डफच्या ग्रंथात अशा टिपा आहेत. मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे आपण कागदांच्या प्रती ठेवल्याचे तो सांगतो. टीप वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : मग त्या प्रती दाखवा.

३३/
'आनंदासाठी वाचूच नये का?' असे विचारणाऱ्यांना : जरूर वाचा, अंथरुणावर लोळत वाचा, एक ओळही टिपू नका. मीही वाचते. पण मग त्या वाचनाच्या जोरावर दुसऱ्या दिवशी येथे येऊन 'इतिहास असे सांगतो' म्हणू नका. ही दोन वाचने वेगळी आहेत आणि दुसऱ्याची किंमत कोणीतरी चुकवत असते. मागे माझ्या थ्रेडची किंमत त्या सभ्य वाचकाने चुकवली. त्याने सभासद मुळातून तपासला होता, आणि तरीही त्याच्या गावातल्या गटात लोक त्यालाच खोटा ठरवत होते, कारण त्यांच्याजवळ माझ्या थ्रेडचा स्क्रीनशॉट होता. हे त्याने मला नंतर सांगितले. मला झोप लागली नाही.

३४/
तो जुना थ्रेड मी काढून टाकलेला नाही. त्याच्या आरंभी दुरुस्ती जोडली आहे : संवाद सभासदात नाही, चिटणीसांच्या बखरीत आहे, मी तो तिसऱ्याच पुस्तकातून उचलला होता, तिन्हींच्या आवृत्त्या आणि पृष्ठक्रमांक तेथे दिले आहेत. ज्यांच्याकडे जुना स्क्रीनशॉट असेल त्यांनी तो जेथे पाठवला होता, तेथे ही दुरुस्तीही पाठवावी, ही विनंती.

३५/
आणि तो अकरावीतला मुलगा हे वाचत असेल, तर : तुझ्या चार पुस्तकांपैकी एकाचे नाव, आवृत्ती, आणि तुला न पटलेले एक पान खाली लिही. मी ते पुस्तक काढून वाचते, मग बोलू.